पहिली गोळी उस्तादाची

उस्ताद जानस खान माडीवर आला तेव्हा शमरोजचा सोबती बादाम गुल मांडीवर फडकं पसरून पिस्तूल पुसत बसला होता. खाली चहाखाना, समोर दऱ्याचा, बंदुका घडवणाऱ्यांचा, बाजार. अख्ख्या बाजारात ठोकाठोक, कानशीचा किरकिराट, आणि मधूनच कोणीतरी नव्या बंदुकीची गोळी आभाळात सोडत होता. इथं त्या आवाजानं कुत्रंसुद्धा मान वर करत नाही.

"शमरोज आहे का?" उस्तादानं दारातूनच विचारलं. म्हाताऱ्याची पगडी डोक्यावर नव्हती, खांद्यावर होती. पठाण उघड्या डोक्यानं दुसऱ्याच्या दारी येतो तो फार मोठं मागणं घेऊनच.

शमरोज आतून हात पुसत आला. एकेकाळी कोहाटच्या पोलिसात होता, मेलेल्या माणसांतून निघालेल्या गोळ्या तपासायचा. नोकरी सोडल्यावर लोकांची गुंतलेली प्रकरणं सोडवून द्यायचा. सगळ्या दऱ्यात कमरेला काही न लावणारा हा एकच बाप्या. पोरं त्याला 'नागडा लाला' म्हणत. म्हणोत बापडी.

"बसा उस्ताद. कहवा घ्या."

"कहवा नको. उद्या मला माझी मान द्यायची आहे. देण्याआधी एवढंच कळू दे, ते पिस्तूल माझंच होतं का?"

प्रकरण बाजारभर झालं होतं. मलंगजानचा थोरला मुलगा आयमल. नवरी घरात आणली, अंगणात ढोल वाजत होता, आणि नवरदेवानं रिवाजाप्रमाणे आनंदाच्या गोळ्या झाडल्या. तिसऱ्या गोळीला पिस्तूल हातात फुटलं. लोखंडाचा तुकडा गळ्यात शिरला. कोहाटच्या इस्पितळाच्या वाटेवरच पोरगा गेला. नवरीच्या हातावरची मेंदी अजून ओली होती म्हणे.

आणि जानस खानाची हमी सगळ्या दऱ्याला पाठ. त्याच्या बापानं सुरू केलेली, त्यानं चालवलेली. पिस्तूल गिऱ्हाइकाच्या हाती देताना तो म्हणायचा, "फुटलं तर माझी मान तुझी." पण त्याआधी पहिली गोळी स्वतःच्या हातानं, गिऱ्हाइकासमोर झाडायचा. पहिली गोळी उस्तादाची. गरिबाला परवडेल अशा किमतीत अशी खात्री दुसरं कोणी देत नव्हतं, म्हणून तर त्याच्या दुकानी रीघ लागायची.

"मलंगजाननं मान मागितली आहे," उस्ताद म्हणाला. "पंचांचा जिरगा उद्या बसतोय. मी नाही म्हणणार नाही, बोललो ते बोललो. पण माझ्या हातचं पिस्तूल फुटत नाही रे, शमरोजा! चाळीस वर्षांत एक नाही. दुसऱ्याच्या घाणीसाठी मेलो तर कबरीतसुद्धा मला झोप लागायची नाही."

"त्या लग्नासाठी तुम्ही पिस्तूल बनवलं होतं?"

"बनवलं होतं. दुकानातल्या कोनाड्यात ठेवलं होतं. पण न्यायला आले त्या दिवशी मी तिराहला मयतीला गेलो होतो. माझ्या मुलानं, हिकमतनं दिलं. नेलं मीरबतनं."

"मीरबत? आयमलचा चुलतभाऊ?" बादाम मध्येच बोलला. "मग झालंच की, लाला! चुलतभाऊ म्हणजे आपल्यात पहिला वैरी. नदीकाठच्या जमिनीचा वाद आहेच की दोन घरांत. वाटेत बदललं असणार त्यानं. बदलीचं पिस्तूल त्या तोरसमचं. उस्तादांची हुबेहूब नक्कल करून निम्म्या भावात विकतो, भडवा!"

"तुझं पिस्तूल पुसून झालं?" शमरोजनं विचारलं.

"हे? अहो, हे उस्तादांच्याच दुकानचं. वसंतात हिकमतनं मला निम्म्या किमतीत दिलं, ओळखीचा म्हणून. पैसा वसूल माल! अजून एक गोळी झाडलेली नाही. पुतण्याच्या लग्नासाठी राखून ठेवलंय." बादामनं नळी उजेडात धरली आणि पाचवीपर्यंतच्या इंग्रजीचा तोरा मिरवत घडाघडा वाचलं, "मेड इन इटली."

शमरोजनं त्या वस्तूकडे असं पाहिलं, जसं ताटाजवळ कोणी मेलेली घूस आणून ठेवावी. पण पाहिलं मात्र बराच वेळ.

•

पहिल्यांदा ते उस्तादाच्या दुकानी गेले. दारावर इंग्रजी अक्षरांची नवीकोरी पाटी होती.

"मी रंगवली," हिकमत म्हणाला. उंच, गोरा, इस्त्रीचे कपडे. पेशावरच्या कॉलेजात दोन वर्षं काढून परत आलेला. "बाबांना कुठलं वाचता येतंय! त्यांचा माल बघून कॉलेजातली पोरं हसायची मला. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं."

उस्तादानं गादीखालून एक पिस्तूल काढून शमरोजपुढं ठेवलं. शमरोजनं ते बादामकडे सरकवलं. "वाच."

"मेड... इ... इ..." बादाम अडखळला. पिस्तूल उलटं केलं, सुलटं केलं. "मेड इ... हे काय अक्षर आहे, उस्ताद? एन म्हणावा तर त्याची तिरकी दांडी भलतीकडेच झुकलीय."

म्हातारा कितीतरी दिवसांनी हसला असावा. "माझ्या बापाला एका गोऱ्याकडून इटलीचं पिस्तूल मिळालं होतं. त्याबरहुकूम बनवताना हे एक अक्षर उलटं कोरलं गेलं. वाचता कोणाला येत होतं? माल टिकाऊ निघाला, आणि लोक म्हणायला लागले, उलट्या अक्षराचंच द्या. मग आम्ही तेच धरलं. मला विचारशील तर तेच सुलटं. बापानं कोरलं तसं मी कोरतो."

"त्या दिवशी काय झालं, हिकमत?" शमरोज वळला.

"काय व्हायचंय? मीरबत आला. सकाळचा चहा पाजला, तंदूरचा गरम नान खिलवला. कोनाड्यातलं पिस्तूल दिलं. तो गेला."

"पहिली गोळी झाडलीस?"

"झाडणार होतो. पण तेवढ्यात अजान सुरू झाली. अजान चालू असताना दऱ्यात कोणी गोळी झाडत नाही, काका. तेवढी तरी लाज आहे आपल्याला. आणि मीरबत घाईत होता."

"खरंय," बादाम म्हणाला. "तेवढी लाज आहे."

शमरोज दुकानाबाहेर जाऊन थुंकला.

•

तोरसम त्यांना बघताच खदाखदा हसला. तोंडात नसवारीची तंबाखू, दात हिरवे, पुढ्यात भाजीसारखी पिस्तुलं मांडलेली.

"या, या, नागडे लाला! आता तरी लाज झाकायला काही घ्या. स्वस्तात देतो. बायकोच्या पर्समध्ये मावेल असं पण आहे."

"उस्तादाची नक्कल करतोस?"

"करतो की! उस्तादाच्या बापानं इटलीची केली, मी उस्तादाची करतो. आपल्या धंद्यात नकलेला चोरी म्हणत नाहीत, हुन्नर म्हणतात."

शमरोज एकेक पिस्तूल उचलून नळीवरची अक्षरं बघत होता. उचलताना दोन बोटांच्या चिमटीत धरत होता, आणि खाली ठेवल्यावर बोटं कुर्त्याला पुसत होता. सगळ्यांवर तोच भलतीकडे झुकलेला एन.

"हे अक्षरही चोरलंस?"

"ते तर आधी! गिऱ्हाईक आधी अक्षर बघतं, मग भाव विचारतं. अक्षर चुकलं तर माल पडून राहील, लाला. मी माझ्या कारागिरांना सांगून ठेवलंय, नळी वाकडी झाली तर चालेल, पण अक्षर उलटंच पाहिजे."

"आणि फुटलं तर?"

"मी कुठे मान दिलीय?" तोरसमनं खांदे उडवले. "निम्म्या भावात मान कोण देतो?"

बादामलासुद्धा त्या हसण्याची शिसारी आली.

•

मीरबत मलंगजानच्या हुजऱ्यात, गावातल्या पुरुषांच्या त्या बैठकीच्या जागेत, एका कोपऱ्यात एकटाच बसला होता. कोणी त्याच्याशी बोलत नव्हतं. त्याचा कहवासुद्धा दुसऱ्या किटलीतून येत होता.

"तुम्हीपण तेच विचारणार," तो म्हणाला. डोळे रडून सुजले होते. "वाटेत बदललं का? नाही बदललं. आयमल आणि मी एका चारपाईवर झोपून लहानाचे मोठे झालो. जमीन घालू का चुलीत?"

"पहिली गोळी कोणी झाडली?"

"मी म्हटलं ना हिकमतला, झाड बाबा, रिवाज आहे. तर म्हणाला, बाबांनी कालच झाडून ठेवलीय. मी कशाला खोदून विचारू? उस्तादांचं दुकान!" त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "माझ्याच हातानं नेलं हो मी ते."

फुटलेलं पिस्तूल नवरदेवाच्या लग्नातल्या पगडीत बांधून ठेवलं होतं. जरीवर काळे डाग पडले होते. मलंगजाननं गाठ सोडली आणि तोंड फिरवलं. मूठ आणि नळीचा अर्धा भाग तेवढा उरला होता. चिरलेल्या जागी लोखंड खरखरीत, खड्याखड्याचं, भंगारातलं दिसत होतं.

"अक्षरं आहेत का रे?" शमरोजनं विचारलं.

बादामनं नाक दाबून वाकून पाहिलं. "आहेत की. मेड इन इटली. स्वच्छ आहेत."

"हं," शमरोज म्हणाला, आणि बाहेर हौदावर कोपरापर्यंत हात धुवायला लागला. धुतच राहिला.

"मीरबतच, ना लाला?" परतताना बादामनं विचारलं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," शमरोज म्हणाला.

•

दुसऱ्या दिवशी जिरग्याला निघताना त्यानं हात पुढं केला. "बादाम, तुझं पिस्तूल दे."

बादामला आनंदाचं भरतं आलं. "अखेर तुम्हीपण! सांगत होतो ना, मर्दाच्या कमरेला—"

"दे आणि गप चल."

हुजऱ्यात पांढऱ्या दाढ्यांचं कोंडाळं बसलं होतं. मधोमध मलंगजान. त्याच्यासमोर जानस खान, पगडी पायाशी, मान उघडी. मागं हिकमत बापाच्या खांद्यावर हात ठेवून उभा. त्याच्या डोळ्यांत पाणीसुद्धा होतं. ते खोटं नव्हतं, हेच बादामला पुढं कितीतरी दिवस पचलं नाही.

"शमरोज, तुला बोलायचंय म्हणे," जिरग्याचा म्होरक्या, थोरला मलिक म्हणाला.

"उस्तादांनी मला एकच प्रश्न दिलाय. ते पिस्तूल माझं होतं का? उत्तर आहे, नाही."

कुजबुज झाली. मलंगजानचे डोळे मीरबतकडे वळले.

"तिकडं बघू नका. बादाम, इकडं ये. काल उस्तादांचं पिस्तूल तुला वाचता आलं?"

"अडलो. तो एन उलटा होता ना."

"आणि हे फुटलेलं?"

"ते तर घडाघडा..." आत्ता कुठे बादामच्या डोक्यात उजेड पडला.

"घडाघडा वाचलंस, कारण याचं अक्षर सुलटं आहे. उस्तादांना सुलटं येत नाही. त्यांच्या हाताला बापानं उलटं वळण लावलंय, ते मरेपर्यंत जायचं नाही. मग तोरसमचं असेल? तोरसम सुलटं अक्षर चुकूनसुद्धा कोरू देणार नाही, त्याचं पोट त्या उलट्या अक्षरावर चालतं. मीरबतनं बदली केली असती तर बाजारातली नक्कल आणली असती, आणि बाजारातल्या सगळ्या नकलांवर अक्षर उलटंच असतं. इटलीचं खरं म्हणाल, तर त्याचं लोखंड भंगारातलं नसतं. राहतो कोण? ज्याला इंग्रजी येतं, ज्याला ते उलटं अक्षर बघून लाज वाटते, ज्याच्या हाताला चुकीचं कोरवतच नाही."

दुकानाची पाटी सगळ्यांनी पाहिली होती. माना हिकमतकडे वळल्या.

"काहीतरीच काय, काका!" हिकमत हसायला गेला. "एका अक्षरावरून?"

"नाही बेटा. अजानवरून. तू मला म्हणालास, सकाळचा चहा चालला होता आणि अजान झाली म्हणून पहिली गोळी झाडली नाही. पहाटेची अजान अंधारात होते. त्यानंतरची थेट दुपारी. सकाळच्या चहाला कुठल्या मशिदीत अजान झाली रे, मुसलमानाच्या पोरा? आणि मीरबतला तू सांगितलंस, बाबांनी कालच झाडली. रिवाज गिऱ्हाइकासमोर झाडायचा, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? एका न झाडलेल्या गोळीसाठी दोन सबबी. चोराच्या मनात चांदणं."

शमरोजनं बादामचं पिस्तूल समोर अंथरलेल्या चादरीवर ठेवलं.

"हेही तुझ्या हातचं. वसंतात निम्म्या किमतीत विकलंस. अक्षर सुलटं. पहिली गोळी याचीही झाडलेली नाही. चल, आज जिरग्यासमोर झाड. पहिली गोळी उस्तादाची. माल चांगला असेल तर भीती कसली?"

हिकमतनं हात पुढं केला. बोटं पिस्तुलाला शिवली आणि मागं आली. त्याच्या कपाळावर घाम डवरला.

"अरे, झाड की!" जानस खान ओरडला. म्हाताऱ्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "दाखव यांना! माझा मुलगा आहेस. दे इकडं, मीच झाडतो." त्यानं पिस्तूल उचललं, हात आभाळाकडे नेला, बोट घोड्यावर ठेवलं.

"बाबा, नको!" हिकमतनं झेप घेऊन बापाचा हात खाली ओढला. "नको, बाबा, फुटेल!"

बाजारातली ठोकाठोक तेवढी ऐकू येत राहिली.

शमरोजनं म्हाताऱ्याच्या मुठीतून ते हळूच सोडवलं आणि उघडून दाखवलं. आत गोळी नव्हती. "असल्या वस्तूत मी गोळी भरीन होय?"

हिकमत खाली बसला, आणि मग बोलतच सुटला. बाबा एका पिस्तुलाला महिना लावतात. लोक तोरसमकडे जातात. लोकांना काय हवं? कमी पैशात चांगला माल. म्हणून त्यानं मागच्या खोलीत भंगारातून बनवायला घेतली. दिसायला तीच, किंमत निम्मी. लग्नासाठी बापानं बनवलेलं पिस्तूल त्यानं एका खानाला चढ्या भावानं विकलं, आणि कोनाड्यात स्वतःचं ठेवलं. "काही टिकायची, काही फुटायची," तो म्हणाला. "झाडाला बांधून दोरीनं चाप ओढून बघितलं होतं. कोणतं फुटेल हे मलाही कळायचं नाही, काका. मुद्दाम नाही मारलं मी कोणाला. नशिबाचा भाग होता."

"स्वतःच्या हातात धरायची वेळ आली की तुला नशीब आठवत होतं," शमरोज म्हणाला. "दुसऱ्याच्या हातात देताना नव्हतं आठवत. तू मुद्दाम मारलं असतंस, तर निदान त्याचा चेहरा तरी डोळ्यांपुढं आणला असतास. थू!"

बादामचा हात आपसूक कमरेकडे गेला. वसंतापासून ते पिस्तूल तो पोटाशी बांधून हिंडला होता. रात्री उशाशी ठेवून झोपला होता. पुतण्याला म्हणाला होता, तुझ्या लग्नात तूच झाड, बेटा.

•

मलिकांनी आपसात बोलणी केली. खुनाला खून, की मोबदला? जानस खाननं डोकं जमिनीला टेकलं. "मान मी बोललो होतो. दुकानाची मान माझीच. पोराला सोडा."

मलंगजान बराच वेळ रडला. मग पगडीच्या टोकानं नाक पुसून म्हणाला, "तुझी मान घेऊन मी काय करू, जानस? आयमल येणार आहे का? रिवाजाप्रमाणे रक्ताचा मोबदला दे. बंदुका दे."

"बंदुका?" शमरोजच्या तोंडून निघून गेलं.

"मग काय, मेंढ्या घेऊ? घरात अजून दोन मुलगे आहेत, त्यांना लागतील." मलंगजाननं पगडीतलं फुटकं पिस्तूल उचलून नळी डोळ्यांशी नेली, ज्या नळीनं त्याच्या पोराचा गळा चिरला होता ती, आणि अक्षरावर अंगठा फिरवला. "पण सगळ्या तुझ्या हातच्या. अक्षर उलटं असलेल्या. एकेक बघून घेईन मी. आणि पहिली गोळी माझ्यासमोर तू झाडायचीस."

पांढऱ्या दाढ्या डोलल्या. न्याय झाला होता. हात वर करून सगळ्यांनी दुवा मागितली, आणि कहवा आला. या खेपेस मीरबतलाही त्याच किटलीतून ओतला. शमरोजनं पेला हातातसुद्धा घेतला नाही.

बाहेर आले तेव्हा बातमी त्यांच्याआधी बाजारात पोचली होती. तोरसम दुकानाच्या पायरीवर उभा राहून ओरडत होता, "बघून घ्या, मियाँ, बघून घ्या! सुलट्या अक्षराला भुलू नका! उलट्या अक्षराचा अस्सल माल, निम्म्या भावात!" आणि लोक रांगेनं उभे राहून नळ्या उजेडात धरत होते.

शमरोज रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला. त्याला ओकारी येत होती, पण सकाळपासून पोटात काही नव्हतं, नुसतंच कडू पाणी पडलं. बादामनं त्याची पाठ चोळली.

जानस खान काठी टेकत आला आणि त्यांच्याशेजारी उभा राहिला. पगडी अजून हातातच होती. मागं, बऱ्याच अंतरावर, हिकमत खाली मान घालून चालत होता.

"मी विचारलं तेवढं तू सांगितलंस, शमरोजा," म्हातारा म्हणाला. "ते माझं नव्हतं."

"उस्ताद, तुमची मान तरी वाचली," बादाम म्हणाला.

"मान वाचली," जानस खान म्हणाला. "मान गेला."

मग त्यानं पगडी काखेत मारली आणि दुकानाकडे निघाला. मलंगजानच्या बंदुका घडायच्या होत्या.